आपल्या भागातील डोंगरांचे फोटो चांगले कसे काढावेत?



शाळेची सहल चिखलदऱ्याला जाऊन आली, की गटावर फोटोंचा पाऊस पडतो. मुलांचे हसरे चेहरे छान आलेले असतात. पण ज्या डोंगरासाठी एवढा प्रवास केला, तो फोटोत कुठे असतो? वर पांढरेफटक आकाश, खाली काळपट झाडी आणि मध्ये एक निळसर रेघ. पाहणारा विचारतो, "यात डोंगर कुठाय?" आणि आपण म्हणतो, "प्रत्यक्षात लई भारी दिसत होतं हो!"

चिखलदरा तरी सातपुड्यात, सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या डोंगरांचे तर आणखी अवघड. अजिंठ्याच्या रांगेचे हे पूर्वेकडचे फाटे बुटके, सपाट माथ्याचे. फोटोत ते दिसेनासेच होतात. म्हणून मुलांना डोंगर म्हटले की हिमालय आठवतो, फार तर कळसूबाई. "आपल्याकडे डोंगर नाहीत, सर," असे मुले अगदी सहज सांगतात.

खरे तर याच बुटक्या डोंगरांनी आपल्या जिल्ह्याचे पाणी वाटून दिले आहे. काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. रिसोडकडून वाहणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. दोन समुद्रांचे पाणी ज्या उंचवट्यावर वेगळे होते, त्याचा एक नीट फोटो वर्गाच्या भिंतीवर असायला काय हरकत आहे? तो काढण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा डिजिटल कॅमेरा, नाहीतर हातातला मोबाईलही चालतो. डोंगर फोटोत का हरवतो, हे मात्र आधी समजून घ्यावे लागते. गंमत म्हणजे त्याची बहुतेक कारणे आपण शाळेत शिकवतच असतो.

चला तर मग, एकेक मुद्दा पाहू.

१) डोंगर एवढा लहान का येतो?

हा समरूप त्रिकोणांचा साधा हिशोब आहे. दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवा.

समजा, टेकडी १५० मीटर उंच आहे आणि आपण तिच्यापासून ३ किलोमीटरवर उभे आहोत. उंची आणि अंतर यांचे गुणोत्तर झाले १ : २०. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स १८ ते ५५ एमएमची असते. ती १८ वर ठेवली, तर सेन्सरवर टेकडीची प्रतिमा किती उंच पडेल? १८ भागिले २०, म्हणजे ०.९ मिलिमीटर. अशा कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे १५ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे फोटोच्या उंचीतला जेमतेम सतरावा भाग टेकडीला मिळाला. उरलेले सगळे आकाश आणि जमीन! मोबाईलचा मुख्य कॅमेराही जवळपास एवढाच रुंद पाहतो.

आपल्या डोळ्यांना ती टेकडी मोठी वाटते, कारण आपण तिच्याकडेच लक्ष देऊन पाहत असतो आणि आजूबाजूचे मनातून वगळतो. कॅमेऱ्याला असे वगळता येत नाही. त्याच्यासाठी टेकडी आणि रिकामे आकाश सारखेच.

आता लेन्स ५५ वर न्या. प्रतिमा होते २.७५ मिलिमीटर, म्हणजे तिप्पट. किंवा लेन्स १८ वरच ठेवा आणि टेकडीच्या १ किलोमीटर जवळ जा. गुणोत्तर बदलते आणि प्रतिमा २.७ मिलिमीटर होते. जवळपास तेवढीच!

मग फरक काय? झूम केल्यावर जवळच्या वस्तू चौकटीबाहेर जातात आणि मागेपुढे असलेल्या टेकड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. एकामागे एक रांगा दाखवायच्या असतील तर हे फार छान दिसते. चिखलदऱ्याच्या दरीपलीकडच्या रांगा टिपताना म्हणूनच झूम वापरावा. चालत जवळ जाऊन रुंद लेन्सने फोटो घेतला, तर पायाजवळचे वावर, धुरा, दगड हे सगळे फोटोत येते आणि आपण तिथे उभे आहोत असे वाटते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. आपल्याला काय दाखवायचे आहे ते आधी ठरवा, मग पाय हलवायचे की झूम, ते ठरेल.

२) मोठेपणा कळण्यासाठी काहीतरी लहान हवे

नुसत्या टेकडीचा फोटो पाहून ती २० मीटरची आहे की २०० मीटरची, हे कोणालाच कळत नाही. मोजपट्टी लागते. ही मोजपट्टी म्हणजे आपल्या ओळखीची एखादी गोष्ट: बैलगाडी, गोठा, एकटे पळसाचे झाड, पायवाटेने जाणारा माणूस.

सहलीत विद्यार्थी असतातच. एखाद्याला पन्नास-साठ पावलांवर, सपाट आणि सुरक्षित जागी, डोंगराकडे तोंड करून उभे करा. पाठमोरे मूल फोटोत छोटेसे दिसते आणि डोंगर एकदम मोठा होतो. मुलाचा चेहरा दिसत नसल्याने तो फोटो पुढे कुठे लावायलाही अडचण येत नाही.

जवळची वस्तू घेताना कॅमेरा थोडा खाली आणा. गुडघ्यावर बसा. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या हिरव्या ओळी, हिवाळ्यात फुललेली तूर, माळावरचे पिवळे गवत, होळीच्या सुमारास पळसाची फुले. आपल्या भागात पुढे ठेवायला एवढे काही आहे, फक्त उभ्याने फोटो काढल्यामुळे ते सुटून जाते. शेताच्या ओळी किंवा पायवाट चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून टेकडीकडे जाईल अशी जागा शोधा. पाहणाऱ्याची नजर त्याच वाटेने डोंगरापर्यंत जाते.

३) कोणत्या वेळी फोटो काढावा?

आपले डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. म्हणून इथल्या डोंगरांना पायऱ्यांसारखे टप्पे आणि सपाट माथे असतात. हे टप्पे हीच त्यांची ओळख. पण ते दिसतात ते सावलीमुळे. सावली नसेल तर डोंगर म्हणजे रंग उडालेली भिंत.

वाशिम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात एकेक दिवस मध्यान्हीला सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. काठीची सावली दिसत नाही, तशी डोंगराच्या टप्प्यांचीही दिसत नाही. उन्हाळ्यात दुपारचे फोटो सपाट येतात ते यामुळे.

आता डिसेंबर पाहा. २२ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीलासुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. म्हणजे हिवाळ्यात आपल्याला दिवसभर बऱ्यापैकी तिरपे ऊन मिळते. त्यातही सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सर्वात चांगला.

सहलीचे वेळापत्रक मात्र याच्या उलट असते. पहाटे निघालेली गाडी दुपारी पोहोचते, मग दुपारीच सगळे पॉइंट पाहून होतात आणि फोटोही तेव्हाच निघतात. शक्य असेल तर दुपारी जेवण, विश्रांती किंवा आतून पाहण्याची ठिकाणे ठेवा. दरी पाहायची ठिकाणे सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर घ्या, पण काळोख पडायच्या आत मुलांना परत आणता येईल असा हिशोब ठेवूनच. एवढ्या एका बदलाने फोटोत जो फरक पडतो, तो नवा कॅमेरा घेऊनही पडत नाही.

४) कोणत्या बाजूला उभे राहावे?

हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, पण आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा आहे. अजिंठ्याची रांग ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. म्हणजे तिचा एक उतार दक्षिणेकडे, दुसरा उत्तरेकडे.

डिसेंबरमध्ये सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि दिवसभर दक्षिण आकाशातूनच जातो. त्यामुळे हिवाळ्यात डोंगराच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे पाहावे. सकाळी ऊन आपल्या उजव्या खांद्याकडून येते, संध्याकाळी डाव्या. डोंगराच्या अंगावर ते तिरपे पडते आणि प्रत्येक टप्पा, प्रत्येक घळ उठून दिसते. उत्तरेला उभे राहिलात तर समोरचा उतार सावलीत असेल आणि सूर्य डोळ्यांवर येईल. मग फक्त काळी आकृती मिळेल. तशी आकृतीच हवी असेल तर हरकत नाही, सूर्यास्ताच्या रंगांपुढे तीही शोभते.

जूनमध्ये सूर्य तेवढाच उत्तरेकडे सरकून उगवतो. तेव्हा सकाळी उत्तरेकडचे उतार उजळतात. मुलांना उत्तरायण आणि दक्षिणायन समजवायला याहून चांगले उदाहरण कोणते? होकायंत्र घेऊन जा आणि फोटोची जागा मुलांनाच ठरवू द्या.

५) आकाश पांढरे आणि डोंगर काळा का?

उजळ आकाश आणि सावलीतला डोंगर यांतील फरक आपले डोळे सहज सांभाळतात. कॅमेऱ्याला तो झेपत नाही. शिवाय कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी छटेवर आणायचा प्रयत्न करतो. चौकटीत गडद डोंगर जास्त असेल तर तो सगळे उजळवतो आणि आकाश जळते. धुके किंवा पांढरे ढग जास्त असतील तर तो सगळे अंधारवतो आणि धुके मळकट दिसते.

यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यावरचे अधिक-उणे (+/−) चिन्हाचे बटण. आकाश जळत असेल तर उणे ०.७ किंवा उणे १ करा. धुक्यात अधिक ०.७ करा. मोबाईलवर पडद्याला स्पर्श करून बोट वर-खाली सरकवले की हेच काम होते.

फोटो बरोबर आला की नाही, हे उन्हात पडद्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यात हिस्टोग्राम असतो. नाव ऐकून घाबरू नका, हा आपल्या दहावीच्या सांख्यिकीतला आयतालेखच आहे. डावीकडे काळे ठिपके, उजवीकडे पांढरे, आणि उंची म्हणजे त्यांची संख्या. आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर आकाशातला तपशील गेला असे समजा. गडद भाग नंतर संगणकावर थोडा उजळता येतो, पण पूर्ण पांढरा झालेला ढग परत आणता येत नाही. म्हणून आकाश सांभाळा.

या संदर्भात अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीच्या दरीत हाफ डोम या प्रचंड कड्याचा फोटो घेताना त्यांच्याजवळ काचेच्या फक्त दोन प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. मग लक्षात आले, की यात आकाश फिकट येईल आणि कड्याचा दरारा दिसणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. निळे आकाश जवळपास काळे झाले आणि कडा पुढे आला. तो कृष्णधवल फोटो आजही नावाजला जातो. आपल्याकडे प्लेटची टंचाई नाही. पण बटण दाबण्याआधी "हा फोटो कसा दिसायला हवा?" असा एक क्षण विचार करणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

६) दूरचे डोंगर निळे आणि धूसर का?

आपण आणि डोंगर यांच्यामध्ये हवा आहे. हवेचे रेणू सूर्यप्रकाशातला निळा रंग जास्त विखुरतात. ही विखुरलेली निळी झाक दूरच्या डोंगरावर चढते. जितका डोंगर दूर, तितकी झाक जास्त. त्यात धूळ, धूर आणि बाष्प मिसळले की निळ्याचे पांढुरके होते. उन्हाळ्यात आपल्याकडे हेच होते. झूम केला तर तो धूसरपणाही मोठा होऊन येतो.

पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते. पावसाळ्यातली उघडीप आणि ऑक्टोबरचे सुरुवातीचे दिवस यासाठी उत्तम. टेकड्या हिरव्या, आकाशात पांढरे ढग आणि ढगांच्या सावल्या माळावरून सरकताना दिसतात. अशी एखादी सावली मागच्या टेकडीवर जाईपर्यंत थांबा, पुढची टेकडी उन्हात एकदम उठून दिसेल.

धूसरपणा नेहमी वाईटच असतो असेही नाही. पहिली रांग गडद, दुसरी फिकट, तिसरी त्याहून फिकट, अशा तीन-चार रांगा झूमने टिपल्या तर फोटोत खोली येते. आपले चित्रकला शिक्षक जलरंगात दूरचा डोंगर फिकट रंगवायला सांगतात, ते याच कारणाने.

७) कॅमेऱ्याची मांडणी कशी ठेवावी?

सुरुवातीला एवढे पुरे:

• आयएसओ १०० किंवा २००. जास्त ठेवला तर फोटोत दाणे दिसतात.

• छिद्र एफ ८. रुंद लेन्सवर (१८ एमएम) दोन-तीन मीटरवरच्या वस्तूवर फोकस केला, तर साधारण दीड मीटरपासून डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट येते.

• संध्याकाळी प्रकाश कमी झाला की हात हलल्याने फोटो पुसट येतो. ५५ एमएमवर असाल तर वेळ १/६० सेकंदापेक्षा जास्त होऊ देऊ नका. होत असेल तर ट्रायपॉड वापरा. ट्रायपॉड नसेल तर कापडी पिशवीत किलोभर हरभरा भरून ती दगडावर ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा टेकवा. छान बसतो! बटण दाबतानाही धक्का लागतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा.

• व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा संध्याकाळचा सोनेरी रंग कमी करू शकतो. अशा वेळी सूर्याचे किंवा ढगाचे चिन्ह निवडा.

• कॅमेऱ्यात रॉ प्रकार असेल तर जेपीईजीसोबत तोही साठवा. नंतर सुधारणा करायला वाव राहतो.

• क्षितिज सरळ ठेवा. आपल्या डोंगरांचे माथे सपाट असल्याने कॅमेरा जरा तिरका झाला तरी लगेच कळते. पडद्यावर जाळीच्या रेषा चालू करून घ्या.

• क्षितिज बरोबर मध्यावर नको. आकाश सुंदर असेल तर त्याला दोन भाग द्या, जमीन सुंदर असेल तर जमिनीला.

• गारेगार गाडीतून दमट हवेत उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे पिशवीतच राहू द्या आणि मऊ सुती कापड जवळ ठेवा.

८) नंतरच्या सुधारणा

मोबाईलवर स्नॅपसीडसारखे मोफत ॲप आहे. आधी क्षितिज सरळ करा. मग नको असलेले आकाश किंवा जमीन कापा. मग उजळ-गडद यांतला फरक थोडा वाढवा. इथेच थांबा. हिरवा रंग ओढून-ताणून पोपटी करू नका. एप्रिलमधला आपला डोंगर करडा-तपकिरी असतो, सागाची पाने गळलेली असतात. तो तसाच दिसला पाहिजे. आपण मुलांना भूगोल शिकवतो, तेव्हा ऋतूचा रंग खोटा असून कसे चालेल?

९) एक महत्त्वाची सूचना

चांगली जागा शोधता शोधता कड्याच्या टोकाशी जाऊ नका. कॅमेऱ्यातून पाहत असताना मागे पाऊल टाकू नका. आधी जागेवर थांबा, पाय घट्ट करा, मग कॅमेरा डोळ्याला लावा. हा नियम मुलांकडून पाठ करून घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या बेसाल्टवरून पाय कधी सरकेल सांगता येत नाही. कोणताही फोटो मुलांच्या जिवापेक्षा मोठा नाही.

१०) शाळेसाठी एक उपक्रम: "आमची टेकडी"

आता वर्गात करता येईल असे काम. गावाजवळची एक टेकडी निवडा. फोटो घ्यायची जागा पक्की करा, म्हणजे एखादा मैलाचा दगड, शाळेच्या गच्चीचा कोपरा किंवा मंदिराचा ओटा. वर्षातून चार वेळा त्याच जागेवरून, झूम तेवढाच ठेवून फोटो काढा: पावसाआधी जूनमध्ये, ऑगस्टअखेर, नोव्हेंबरच्या शेवटी आणि पळस फुलल्यावर. प्रत्येक वेळी मुलांनी वहीत तारीख, वेळ, सूर्याची दिशा, आकाशाची स्थिती आणि समोरच्या शेतातले पीक लिहावे.

चार फोटो शेजारी-शेजारी लावले, की ऋतुचक्राचा धडा तयार! टेकडीचा कोणता उतार जास्त दिवस हिरवा राहतो? पाणी कोणत्या बाजूला वाहते आणि शेवटी कोणत्या नदीला मिळते? हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात.

दरवर्षी नव्या वर्गाने हे काम पुढे चालू ठेवावे. दहा वर्षांनी शाळेकडे चाळीस फोटो असतील. झाडे वाढली की तुटली, टेकडी पोखरली गेली का, नवा रस्ता कुठून गेला, गवताळ माळ किती उरला, हे सगळे त्यात दिसेल. शास्त्रज्ञही हिमनद्या आणि जंगले यांतले बदल याच पद्धतीने, जुन्या फोटोच्या जागी पुन्हा उभे राहून अभ्यासतात. आपल्या टेकडीची अशी नोंद आपल्याशिवाय दुसरे कोणी ठेवणार नाही.

पालकहो, यासाठी मुलाला वेगळा कॅमेरा घेऊन द्यायची गरज नाही. एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता त्याच्यासोबत टेकडीपर्यंत चालत जा आणि आपला मोबाईल अर्धा तास त्याच्या हातात द्या. त्याने काढलेले फोटो घरी एकत्र बसून पाहा. कोणता चांगला आला हे आपण न सांगता त्यालाच निवडू द्या आणि "का?" एवढेच विचारा.

आपल्या शाळेने हा उपक्रम केला, तर पहिल्या चार फोटोंच्या प्रती काढून वर्गात नकाशाशेजारी लावा. खाली टेकडीचे गावात चालणारे नाव मोठ्या अक्षरांत लिहायला विसरू नका. नाव माहीत नसेल तर मुलांना गावातल्या आजी-आजोबांकडे पाठवा, ते नक्की सांगतील.